वाडा असल्याचा भ्रम

“सदर मुलीला आपला वाडा असल्याचा भ्रम आहे.”

एवढं वाचून मॅडम थांबल्या. वर्ग हसला. असा हसला, की कॉलेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट भिगवणच्या पाण्यावर जाऊन बसली असतील. मी शेवटच्या बाकावर होते. पेनाचं टोपण चावत होते. ते दातात तुटलं.

मॅडमनी पुढं वाचलं. “वाड्याचे गाव ती दर वेळी वेगळे सांगते. आधी पिंपळी, नंतर लोणी भापकर. विसंगती दाखवून दिली तरी गोंधळत नाही.”

बारामतीतलं कॉलेज. बी.ए.चं दुसरं वर्ष, मानसशास्त्राचा तास. नव्वद साल मागं पडून चार-पाच वर्षं झालेली. फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘व्यक्तिअभ्यास’ आणि खाली ‘नमुना केस’. माणसाचं नाव गुप्त ठेवायचं असतं म्हणून मॅडमनी मला ‘क्ष’ केलं होतं. पण ‘क्ष’ मुलींच्या वसतिगृहात राहते. ‘क्ष’चा बाप मेंढरं राखतो. ‘क्ष’ बावड्याला मामाच्या घरी राहून शाळा शिकली. अख्ख्या वर्गात मेंढरामागनं आलेली मी एकटी. साठ माना मागं वळल्या. एवढं गुप्त नाव मी जन्मात बघितलं नाही.

आता तुम्हालाही वाडा म्हटलं की दगडी चिरे, दिंडी दरवाजा, चौकात झोपाळा असलं काही दिसत असेल. दिसू द्या. आम्हा धनगरांत वाडा म्हणजे चार घरची माणसं, त्यांची मेंढरं, दोन घोडी, कुत्री, खुराड्यातल्या कोंबड्या आणि घोंगडी. कुणाच्या रानात उतरला की वाडा बसला. उठला की हलला. एक भिंत नाही त्याला. मामानं मेंढरं विकून बावड्याला ऊस केला, त्याला घर झालं. आमचा वाडा चालत राहिला. दिवाळीनंतर कोकणात, पावसाळ्यात इकडं, आपल्या कोरड्या रानात.

म्हणून माझं असं व्हायचं की मला घर होतं, पण ते आज कुठं आहे ते ठाऊक नसायचं. आबा, म्हणजे माझा बाप, निरोप धाडायचा एसटीच्या कंडक्टरकडं. ‘आता पिंपळीच्या शिवारात हाय.’ तो निरोप माझ्यापर्यंत येईस्तोवर वाडा पुढं गेलेला.

रविवारी वसतिगृहाच्या फाटकाशी बाकीच्या पोरींचे बाप यायचे. स्कूटरवर, ट्रॅक्टरवर, एकीचा तर जीपमधून. डबे, लाडू, धुतलेले कपडे. मी वरच्या खिडकीत बसून बघायची. तीन वाजता सगळं पांगायचं. मग मी माझ्या वाटणीचं जेवण जेवायची आणि उगाच मोठ्यानं बोलायची, कोपऱ्यातल्या माठाशी. माठ चांगला ऐकायचा. एकदा ‘हं’ म्हणाला. खोटं वाटत असेल तर सोडून द्या.

अशात मॅडमनी मला घरी बोलावलं. फळ्यावर त्यांनी आधीच शिकवलं होतं: व्यक्तिअभ्यास म्हणजे एका माणसाला पूर्ण समजून घेण्याची पद्धत. जन्मापासूनची माहिती घ्यायची. मुलाखत, निरीक्षण. घरच्यांना, शेजाऱ्यांना, शिक्षकांना विचारायचं. मिळालेल्या माहितीची पडताळणी करायची. मग निष्कर्ष. मी वहीत ‘पूर्ण समजून घेणे’ याखाली दोन रेघा मारल्या होत्या. मला वाटलं, ही पद्धत खास माझ्यासाठीच निघालीय.

ओळीनं चार रविवार गेले. मॅडमच्या घरी पडदे होते, स्टीलच्या ट्रेमध्ये चहा, बशीत बिस्किटं. मॅडम मांडीवर फाईल घेऊन बसायच्या आणि विचारायच्या, “मग?” नुसतं “मग?” मला जन्मात कुणी एवढ्या वेळा “मग?” विचारलं नव्हतं. मी सुटले.

खरं सांगते, मी थापा मारल्या. पोतंभर मारल्या. खरं सांगून संपलं असतं तर मॅडमनी फाईल मिटली असती, आणि मला परत त्या खिडकीत जायचं नव्हतं. मी सांगितलं, माझा जन्म चालत्या घोड्यावर झाला आणि घोडं थांबलंसुद्धा नाही. सांगितलं, आबानं लांडग्याचा जबडा हातानं फाडला. सांगितलं, आमच्या मेंढ्यानं माझा दहावीचा निकाल खाल्ला आणि त्या दिवसापासून तो कुणाला मोजत नाही. मॅडम भराभरा लिहीत होत्या.

आणि मधेच, थाप म्हणून नव्हे, सहज, जसं तुम्ही आमचं घर अमुक गल्लीत आहे म्हणता तसं, मी म्हणाले होते, आमचा वाडा पिंपळीला आहे. पुढच्या रविवारी म्हणाले, वाडा लोणी भापकरला गेला. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. काही विचारलं नाही. तेवढ्याच वेळेला त्यांनी “मग?” म्हटलं नाही.

आता वर्गात सगळं बाहेर पडलं. “जन्म प्रवासात, आईकडून दुर्लक्ष संभवते. वडील हिंसक, मुलीच्या मनात त्यांची तीव्र भीती.” माझा आबा म्हणजे नुकत्या जन्मलेल्या कोकराला अहो-जाहो करेल असा माणूस. मी मारलेली थाप न थाप खरी म्हणून फाईलमध्ये गेली होती. खरं एकच सांगितलं होतं. त्याला मॅडमनी भ्रम म्हटलं.

मी उभी राहिले.

“मॅडम, वाडा हाय.”

वर्गात मी शुद्ध बोलायची. त्या दिवशी तोंडातनं ‘हाय’ गेलं. परत हशा.

“कुठे आहे?” मॅडमनी शांतपणे विचारलं.

“लोणी भापकरला.”

“आणि आधी पिंपळीला होता.”

“व्हय. तितनं उठला.”

मॅडम माझ्याकडं बघून बोलल्याच नाहीत. वर्गाकडं वळल्या. “ठामपणा लक्षात घ्या. अशा व्यक्तीशी वाद घालायचा नसतो.”

साठ पोरापोरींनी ते वहीत उतरवून घेतलं. मी उभी होते आणि माझ्या उभं राहण्याची टिपणं चालली होती. पुढच्या बाकावरचा एक जण कुजबुजला, राणीसाहेब, बसा. मी बसले. मला हे अजून झोंबतं. मी बसले.

तास संपल्यावर मॅडमनी फाईल पुढं केली. शेवटच्या पानावर दोन गोष्टी होत्या. एक शिफारस: ‘मुलीस वसतिगृहातून काढून घरच्या वातावरणात ठेवणे हितावह.’ आणि खाली छापलेली ओळ: ‘वरील माहिती खरी आहे. माहिती देणाऱ्याची सही.’ फाईल प्राचार्यांकडं जायची होती. मॅडम म्हणाल्या, हे तुझ्या भल्याचंच आहे. ही केसच तुझं प्रात्यक्षिक म्हणून धरलीय, सही केली नाहीस तर ते अपुरं राहील आणि अपुरं प्रात्यक्षिक म्हणजे नापास. आणि सही केली, तर माझं शिक्षण संपलं. बावड्याला मामानं स्थळ बघूनच ठेवलं होतं. मी उद्यापर्यंतची मुदत मागितली. ती त्यांनी प्रेमानं दिली. आवाज तोच होता, “मग?” म्हणणारा.

मी स्टँडवर गेले आणि लोणी भापकरची गाडी धरली. आबाला घेऊन यायचं, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि वर्गात उभं करायचं. घोडंही आणायचं. जमलं तर मेंढा पुढच्या बाकावर बसवायचा. गाडीत मी एवढं सगळं ठरवलं.

गावाबाहेर ओढ्याच्या कडेला रान सापडलं. वाडा नव्हता. तीन काळे दगड होते चुलीचे. खुरांनी तुडवलेली माती. मेंढरांभोवती जाळी लावायला ठोकलेल्या खुंट्यांची भोकं. लेंड्या. शेजारच्या बाजरीत एक बाई खुरपत होती. तिला विचारलं.

“वाडा? परवाच उठला की. सुप्याच्या अंगाला गेला म्हनं.” मग माझ्या कॉलेजच्या पिशवीकडं बघून म्हणाली, “तू कुनाची गं?”

“त्याच वाड्याची.”

“मग तुला ठावं न्हाय व्हय?”

ती चेष्टा करत नव्हती. तिला नवल वाटलं, एवढंच. पण वर्गाच्या हशानं लागलं नाही एवढं ते मला लागलं. मी त्या चुलीच्या दगडांशी बसले. दगड गार होते. आईनं दोन दिवसांपूर्वी त्यांच्यावर भाकरी केली असणार. मी हात ठेवून बघितला, उगाच. वाड्याचं एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. मला क्षणभर खरंच वाटलं, मॅडमचं बरोबर असेल. नसेलच वाडा. मी माठाशी बोलते, तशी आईशी पण बोलत असेन.

मग मला फळा आठवला. जन्म, मुलाखत, निरीक्षण, घरच्यांना विचारणे. पडताळणी. एसटीनं तासाभराची वाट. बारामतीपासून तासाभराची. चार रविवार मॅडमनी मला चहा पाजला आणि पाचव्या रविवारी त्यांच्यानं एसटीत बसवलं नाही. बाजरी खुरपणाऱ्या बाईला जे सांगता आलं, ते त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. दगड खरे होते. भोकं खरी होती. भ्रमाच्या लेंड्या पडत नाहीत.

मी रुमाल काढला.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर, फाईलच्या शेजारी, मी तो रुमाल सोडला. लेंड्या टेबलभर गडगडल्या. दोन-चार खाली पडल्या. शिक्षकांच्या खोलीत सात-आठ माणसं असतील. 

“हे काय आहे?” मॅडम म्हणाल्या.

“वाडा.”

त्यांनी नाकाला पदर लावला. मी फाईल ओढली, शेवटचं पान उघडलं. सहीच्या जागी, माझ्या चांगल्या अक्षरात, लिहिलं: ‘पडताळणी झालेली नाही.’ शिफारशीवर काट मारली नाही. ती त्यांची होती. मला माझ्या जागेपुरतंच लिहायचं होतं.

मॅडम म्हणाल्या, “नापास होशील.”

“व्हते,” मी म्हणाले.

झाले. सही नसलेली फाईल प्राचार्यांकडं गेली नाही, म्हणून वसतिगृह सुटलं नाही. प्रात्यक्षिकात मात्र गेले. वर्ष परत काढलं, त्याच वर्गात, त्याच मॅडमसमोर. कुणी माझ्याशी जास्त बोललं नाही. रविवारी मी त्याच खिडकीत. माठ मधल्या काळात फुटला, त्यामुळं तीही सोय गेली. मॅडम बारामतीत असेपर्यंत ‘क्ष’ची केस नमुना म्हणून वाचत राहिल्या असं कानावर आलं. वाचोत.

थापा मी आजही मारते. त्या माझ्या आहेत, हव्या तेवढ्या मारीन. पण कुणाला समजून घ्यायचं म्हणून त्याच्याकडून चहावर चार गोष्टी काढायच्या आणि खाली त्याचीच सही मागायची, हे मी केलं नाही, करणार नाही. आणि माझ्यावर होऊ देणार नाही.

कुठलाही अर्ज समोर आला की त्यात ‘कायमचा पत्ता’ अशी एक ओळ असते. मी तिथं एकच शब्द लिहिते: वाडा. कारकून खोडतो. मी परत लिहिते. गाव विचारतात. गावाचं नाव मी लिहीत नाही.

ज्याला मला समजून घ्यायचं असेल, त्यानं विचारत विचारत चालत यावं.