चौदा दिवसांच्या गोळ्या

माझे वडील बुकबाइंडर होते. कॉलेजांच्या लायब्रऱ्यांमधली फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची. शिवायचं, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, वजनाखाली दाबून ठेवायचं. पुस्तक वाळेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. गिऱ्हाईक कितीही डोक्यावर बसलं तरी म्हणायचे, "अर्धवट वाळलेलं मी देत नाही." शेजारचे दुकानदार त्यांना पुठ्ठाशेठ म्हणत.

असा हा काटेकोर माणूस औषधाच्या बाबतीत मात्र गाढव निघाला. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या पोटात सारखी आग पडायची. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तर जठरात जंतू सापडले. चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. सातव्या दिवशी आग थांबली आणि त्याच सुमारास आईचं पोट दुखायला लागलं. बाबा तिला म्हणाले, "मला आता बरं वाटतंय. उरलेल्या तू घे, वाया कशाला घालवायच्या?" आईलाही बरं वाटलं. दोघंही खूश. किती जीव आहे एकमेकांवर म्हणून मीही कौतुकाने हसले होते.

जंतू दोघांच्याही पोटात राहिले. यंदा बाबांचं वजन झरझर उतरलं आणि जठराचा कॅन्सर निघाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. हे जंतू पुष्कळांच्या पोटात असतात, बहुतेकांना कॅन्सर होत नाही. काहींच्या जठराचं अस्तर मात्र वर्षानुवर्षं सुजत, झिजत जातं, आणि त्यातल्या एखाद्याला कॅन्सर होतो.

"तेव्हा औषध पूर्ण घेतलं असतं तर?" मी विचारलं.

"धोका कमी झाला असता. टळलाच असता असं नाही सांगता येणार."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी पर्समध्ये पार्किंगची पावती शोधत बसले.

मग आईची तपासणी केली. जंतू होते, कॅन्सर नव्हता. पुन्हा चौदा दिवसांच्या गोळ्या. तिचं तोंड कडू व्हायचं, मळमळायचं. बाबा खाटेवरून दरडावायचे, "गिळ. मी बघतोय."

नवव्या दिवशी सकाळी बाबा गेले. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. संध्याकाळी मी गोळ्या आणि पाणी घेऊन आईपुढे उभी राहिले. तिने एकेक करून गिळल्या.

"अजून किती दिवस?"

"पाच."

"आणि मग?"

"मग महिन्याभराने परत तपासायचं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. तिने तपासणीचं विचारलं नव्हतं, हे मला कळत होतं.