खदानीत आधी ती गेली

माझ्या बायकोला पोहता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. लग्नानंतर कितीतरी वर्षं कंबरभर पाण्यात उतरायचं म्हटलं तरी ती माझा दंड धरून ठेवायची. मी मात्र आमच्या पोलादाच्या प्लांटमधल्या पोहण्याच्या स्पर्धांचा जुना खेळाडू. अमुक विभाग जिंकणार की तमुक, याची चर्चा मी कोणत्या बाजूने उतरणार हे विचारूनच व्हायची. तेव्हा पुढे जे झालं त्याने माझ्या पोटात का दुखलं, हे कुणाला वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

मला पाण्याखाली जायचं होतं ते एका जागेसाठी. बाबा शहराबाहेरच्या चुनखडीच्या खदानीत डंपर चालवायचे. लहानपणी आई मला कधीमधी तिथे घेऊन जायची, पण फाटकाच्या आत पोरांना सोडत नसत. मी फाटकाचे गज धरून उभा राहायचो. खालून घरघर ऐकू यायची, मग धुळीत डंपरचं नाक दिसायचं, मग बाबा. ते ज्या रस्त्याने वर यायचे तो रस्ता खाली कुठून कसा जातो, हे मी कधीच पाहिलं नाही. पुढे खदान बंद झाली, पंप थांबले आणि पाहता पाहता ती पाण्याने भरली. बाबांना विचारलं तर एकच उत्तर मिळायचं, "खदान म्हंजे खदान. गोटे फोडाचे न वर आनाचे. त्यात काय सांगाचं?"

प्लांटच्या एल्‌टीसीवर, म्हणजे प्रवासाच्या सवलतीवर, अंदमानला गेलो होतो तेव्हा आम्ही दोघांनीही डुबकीचा साधा कोर्स केला. मी हौसेनं, ती माझ्या भिडेखातर. परत आल्यावर कळलं की नौदलातून निवृत्त झालेले एक पाणबुडे जुनवानीला घर घेऊन राहिलेत आणि रविवारी सकाळी, तिथला पोहण्याचा तलाव लोकांसाठी उघडण्याआधी, टेक्निकल डायव्हिंगचा पाया शिकवतात. टेक्निकल म्हणजे अशी डुबकी, जिच्यात घाबरलं म्हणून सरळ वर येता येत नाही. डोक्यावर छत असतं, किंवा इतकं खोल गेलेलं असतं की रक्तात विरघळलेला वायू निघून जाईपर्यंत वाटेत थांबत थांबत यावं लागतं. जी काही अडचण येईल ती खालीच सोडवायची. मला वाटलं, हे तर माझंच काम.

सरांना जोडी हवी होती. एकट्याला ते शिकवत नसत. मी बायकोला गळ घातली.

"मी येऊन काय करू? मले तं आताही भीती वाटते."

"काही करू नको. नुसती माझ्यासोबत राहा," मी म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्याच दिवशी सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तैरना भूल जाओ. पहले रुकना सीखो." सगळी बाराखडी एवढीच होती. पोट जमिनीकडे, गुडघे मागे दुमडलेले, हात पुढे जोडलेले, आणि पाण्यात जिथे आहात तिथेच थांबायचं. ना वर, ना खाली. हात मारायचे नाहीत. पायांना लावलेले फिन बेडकासारखे हळूच उघडायचे, मिटायचे. वर-खाली होणं सगळं श्वासावर. भरला की थोडं वर, सोडला की थोडं खाली. तलावाच्या कडेला निंबाचं झाड होतं आणि त्याची पानं गळून तळाशी बसलेली असत. सरांची परीक्षा त्या पानांवरच होती. तुम्ही पानांच्या वीतभर वर थांबायचं आणि एकही पान हलता कामा नये.

माझी पानं उडाली. कितीतरी वर्षं पाणी मागे ढकलण्यात ज्यांनी बक्षिसं मिळवली ते हात ऐकेनात. मी शेजारी पाहिलं तर बायको पानांवर आडवी तरंगत होती, दिवाणावर दुपारी पडावं तशी. सरांनी मला खूण केली, तिच्याकडे पाहा. आता बायकोकडे पाहून शिक असं कुणी मला जमिनीवर म्हटलं असतं तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. पाण्याखाली तोंडात नळी होती.

आपल्याकडे कुणाचा दुस्वास करणं याला पाण्यात पाहणं म्हणतात. मी दर रविवारी तेच करत होतो, अगदी डोळ्यांवर मास्क लावून.

तिला हे का जमत होतं ते मला लवकरच कळलं, आणि कळल्यामुळे जास्तच जळलो. आमच्या विहारात रविवारी संध्याकाळची वंदना तीच सांगते. बाकीच्या बायका मागून म्हणतात. लांबच्या लांब गाथा ती एका श्वासात, घाई न करता, शेवटच्या अक्षरापर्यंत नेते. श्वास सोडायची तिला सवय होती. आणि माझी सवय उलटी. मी प्लांटच्या गॅस सेफ्टीत. भट्टीच्या गॅसला वास नसतो, म्हणून छातीवर यंत्र लावलेलं असतं. ते वाजलं की आधी श्वास रोखायचा, मग वारा कुठून आहे ते पाहायचं आणि आडवं निघायचं. नव्या पोरांना हे मीच घोकून घोकून शिकवतो. श्वास रोखणं हे माझ्या हाडात गेलेलं. पाण्याखाली मात्र श्वास रोखणं हाच पहिला गुन्हा. भरलेल्या छातीने माणूस फुग्यासारखा वर जातो, आणि तसाच वर गेला तर फुप्फुस फाटू शकतं. पाठीवरच्या सिलिंडरचा व्हॉल्व मागे हात घालून बंद करा म्हटलं की मी श्वास रोखायचो. मास्क काढा म्हटलं की रोखायचो. आणि जायचो वर.

"साँस मत रोको, भाई," सर म्हणायचे. "वो आपका प्लांट नहीं है."

डुबकी झाली की टपरीवर पोहे-जलेबी मागवून सर लॅपटॉपवर आमचंच चित्रीकरण दाखवायचे. त्यात ती सरळ रेषेत, आणि तिच्यामागे मी, दूरच्या भाजीवाल्याला बोलवावं तसे हात करणारा. तिच्या सिलिंडरमध्ये माझ्याहून जास्त हवा उरलेली असायची. एकाच घरातून, एकाच स्कूटरवर आलेली माणसं. हिला हवा पुरते कशी? मी एकदा तिला म्हणालोसुद्धा, "इतका हळू श्वास घेणं बरं नसतं. चक्कर येते." ती "होय का?" म्हणाली आणि तशीच हळू श्वास घेत राहिली. तिच्या मनात काही नव्हतं, आणि त्याचाच मला राग होता.

एका संध्याकाळी रुआबांध्याच्या आमच्या घरी आलो तर ती व्हरांड्यात लाकडी स्टुलावर पालथी पडून पायांनी बेडकाची लाथ घोटत होती. बाबा शेजारी उकिडवे बसले होते. "हा पाय वाकडा जाऊन राहिला, बाई," म्हणत त्यांनी तिचा घोटा धरून सरळ केला. मी पोहायला शिकत होतो तेव्हा या माणसाने काठावरही येऊन पाहिलं नव्हतं. मी बूट काढायला नको इतका वेळ लावला.

त्या खदानीबद्दल सरांना मीच सांगितलं होतं. हिवाळ्यात पाणी निवळतं, खाली रस्ता आहे, सगळं मीच सांगितलं. सरांनी खटपट करून परवानगी काढली, या हिवाळ्यापुरती एका दिवसाची. उतरणार तिघंच, तिघांपेक्षा जास्त माणसं सर नेत नसत. स्वतः ते, रायपूरचे त्यांचे एक मित्र, आणि आमच्यातलं एक जण. "नीचे चूना बैठा है," ते म्हणाले. "एक गलत लात, और सब अंधे." म्हणून ज्याची पानं हलणार नाहीत तो जाईल.

परीक्षेच्या रविवारी आम्ही दोघं पानांवर थांबलो. सर मागून आले आणि त्यांनी माझा मास्क ओढून काढला. डोळ्यांत पाणी गेलं, सगळं धूसर झालं आणि माझ्या छातीने जे करायचं तेच केलं. वर गेलो. लाज वाटून परत खाली यायला मी दणकून पाय मारले. मास्क घालून पाहतो तर पानांचा नुसता धुरळा. मग त्यांनी तिचा मास्क काढला. तिने डोळे मिटले, बुडबुड्यांची एक लांब माळ सोडली, हात पुढे करून मास्क मागून घेतला, घातला, आतलं पाणी फुंकून काढलं. तिच्याखालचं एकही पान जागचं हललं नाही. मी त्यातल्या एका पिवळ्या पानाकडे पाहत होतो आणि मनापासून म्हणत होतो, हल. जरासं तरी हल.

परतताना स्कूटरवर मागे बसून तिने माझा खांदा धरला. मग म्हणाली, "अजी, मी नाई जात. तुमी बोला ना सरले. जागा तं तुमच्या बाबाची हाये."

"तुझी जागा आहे. तू जा," मी म्हणालो. मोठेपणा वगैरे काही नाही. तिने सोडलेली जागा घेऊन खाली जाण्यापेक्षा वर राहणं मला परवडत होतं. रुसायचा हक्क तरी माझ्या हातात ठेवायचा नव्हता का तिने?

खदानीच्या काठावर माझं काम होतं पाण्यावर नजर ठेवणं. हिरवं, स्थिर पाणी, आणि जुना रस्ता उतरत उतरत सरळ त्यात शिरलेला. ती तिघं त्याच रस्त्याने चालत गेली. आधी फिन ओले झाले, मग गुडघे, मग बायकोचं डोकं पाण्याखाली गेलं. लहानपणी फाटकाशी उभा होतो त्यापेक्षा आता मी जवळ होतो, एवढाच फरक. बुडबुडे रस्त्याच्या रेषेने पुढे सरकले, एका ठिकाणी वळले, आणि मला कळलं की तिथे मोड आहे. बाबा रोज जिथे स्टिअरिंग फिरवायचे ती जागा मला बायकोच्या बुडबुड्यांवरून कळावी, याचा इतका संताप आला की मी एक गोटा उचलला आणि मग पाण्यात न टाकता तसाच खाली ठेवला. बऱ्याच वेळाने, वर येतोय हे कळवायला बायकोने खालून सोडलेली हवा भरलेली केशरी नळी पाण्यावर उभी राहिली आणि बायको वर येईपर्यंत हलली नाही. हे मला कधीच जमलेलं नव्हतं.

वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि बोलणं थांबत नव्हतं. मी खाली वाकून तिच्या फिनचे पट्टे सोडत होतो आणि ती माझ्या डोक्यावरून सरांशी बोलत होती. मोडावर सिमेंटचं टाकं आहे, टायरांची रांग अजून तशीच आहे, मग रस्ता अरुंद होतो आणि पार तळाशी पंपाचं घर, त्याला दार नाही, आत पाइप उभे. सर म्हणाले, पंपघरापर्यंत तिने चुन्याचा कणही उडवला नाही. मी दुसरा पट्टा सोडला.

घरी आलो तर बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले. स्वेटर घालून, केस विंचरून. माझ्याकडे न पाहता त्यांनी तिला बसायला लावलं.

"मोडावरचं टाकं हाये का वो अजून?"

"हाये बाबा. त्याच्यावर पिवळा पट्टा दिसते."

"तो मीच मारला होता," बाबा म्हणाले. "थंडीत धुकं राहे. मोड दिसे नाई. एक डंपर गेला असता खाली, मंग मीच रंग आनला." जन्मात पहिल्यांदा मी हे ऐकत होतो, आणि तेही स्वयंपाकघराच्या दारात, चहाचा ट्रे घेऊन. बाबा हातांनी मोड दाखवत होते, ती मान हलवत होती. घरात ती जागा पाहिलेली माणसं दोनच होती आणि ती एकमेकांशी बोलत होती. मी कप ठेवले. त्यांनी न पाहताच उचलले.

बाबांना माझी आठवण झाली. "तुले रे? तुले काय दिसलं?"

"पाणी."

"हं," म्हणून ते परत तिच्याकडे वळले. "मंग मोडाच्या खाली गेली का नाई तू? पंपघर पायलं?"

तिने कप ओठांना लावला होता. तो खाली घेतला आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाई बाबा," ती म्हणाली. "मोडापासूनच वापस आलो आमी. खालचं हे पायतीन."

इतकं स्वच्छ खोटं तिला बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. मला तिचा तेव्हाही हेवा वाटला. मी असतो तर पंपघर सांगितल्याशिवाय राहिलो नसतो, दार नाही, पाइप उभे, सगळं.

बाबा खुर्चीत वळले. त्यांना आता वळायला वेळ लागतो. त्यांनी मला नीट, बराच वेळ पाहिलं, जसं काही मी नुकताच घरात आलो होतो.

"मंग लवकर शीक ना बावा," ते म्हणाले. "मले खालचं कोन सांगन?"