गुरुवारची नखं

मला माणसांच्या पायांची किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे मी थोर वाटले तर तो वाचणाऱ्याचा गैरसमज समजावा.

मावशीला किळस यायची नाही. ती माझ्या आईची धाकटी बहीण, बिनलग्नाची. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि मावशीने मला आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणलं. ती कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, शर्टामागून शर्ट, मान खाली. गुरुवारी तिला सुट्टी असायची. सुट्टीच्या दिवशी शहाणी माणसं उशिरापर्यंत लोळतात. मावशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काखेत मारून सरकारी इस्पितळात जायची आणि बायकापुरुषांच्या एकाच मोठ्या वॉर्डात पडलेल्या परक्या माणसांची नखं कापायची. चाळीस खाटा, म्हणजे ऐंशी हात आणि जवळपास तितकेच पाय. असं तिने तीस वर्षं केलं.

नातेवाईक म्हणायचे, "हिला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस." मला लष्कराचं काही नव्हतं, भाकऱ्यांचंही नव्हतं. माझा प्रश्न तिच्या हातांचा होता. एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून तिने मला बरोबर नेलं. एका म्हाताऱ्याच्या पायाचं नख पिवळं, जाड, शिंगासारखं वळून शेजारच्या बोटात घुसलं होतं. मावशीने मांडीवर जुना टॉवेल पसरला, म्हणाली, "द्या दादा, पाय द्या इकडे," आणि तो पाय उचलून मांडीवर घेतला. आधी कोमट साबणाच्या पाण्यात भिजवला, मग तार तोडायच्या पकडीने ते नख टक् टक् करून तोडलं. एक तुकडा उडून माझ्या फ्रॉकवर पडला. मी तिथेच ओकले.

त्या दिवसापासून ती ताट वाढायला आली की मी विचारायची, "हात धुतलेस?"

"तीनदा."

तरी मी ताट माझ्याकडे ओढून घ्यायची. बारा वर्षांची झाले तशी माझी नखं मीच कापायला लागले. दुसऱ्या दिवशी मावशी माझ्यासाठी एक नवं नेलकटर घेऊन आली, फक्त माझं, वेगळ्या डबीत. मला त्याची लाज वाटली नाही. आता वाटते.

हे सगळं सुरू कसं झालं, ते तिने मला एकदाच सांगितलं होतं. माझी आजी त्याच वॉर्डात दीड महिना होती. शेजारच्या खाटेवरचा माणूस दिवसभर स्वतःला खाजवायचा आणि त्याच्याच नखांनी अंग रक्ताळायचं. येणारे जाणारे सगळे त्याला ओरडायचे. मावशीने सिस्टरकडून कात्री मागून घेतली. "कुणीतरी करायलाच हवं होतं," ती म्हणाली, "आणि मी रिकामीच बसले होते." एवढंच. यात कुठे साक्षात्कार नाही की काही नाही.

तिचा एकच नियम होता. कुणाला मागायला लावायचं नाही. "पडलेल्या माणसाला आधीच सगळं मागावं लागतं गं. पाणी माग, भांडं माग, कूस बदलून माग. निदान नखं तरी आपली आपण कळावीत दुसऱ्याला." म्हणून ती खाटेखाटेपाशी जाऊन चादर वर करून पाय बघायची.

पुढे त्या वॉर्डात सेवा मंडळ निघालं. चांगलं काम एकट्यादुकट्याने चाललेलं लोकांना बघवत नाही, त्याचं मंडळ करावं लागतं. मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या एक बाई अध्यक्ष झाल्या. त्यांना सगळे हेडबाई म्हणायचे. इस्पितळाने चादरींची जुनी खोली दिली, तिथे एक फळा टांगला, वारानुसार कामं ठरली. पेपर वाचून दाखवणं, पत्रं लिहून देणं, केस विंचरणं, फळं वाटणं. वाचून दाखवायला अकरा जण तयार. फळं वाटायला तर झुंबड, कारण तिथे फोटो निघायचा. एका केळ्याला चार हात लागलेले फोटो मी पाहिलेत, आणि ज्याला ते केळं मिळालं तो मात्र फोटोत अर्धाच. नखांपाशी आलं की सगळे छताकडे बघायचे. मग हेडबाई म्हणायच्या, "ते आपल्या मावशींचं खास," आणि सगळ्यांचा सुंठेवाचून खोकला जायचा.

मी मंडळात नव्हते. पण माझं अक्षर वळणदार, आणि मी नगरपालिकेच्या कचेरीत तेच काम करते, पाट्या आणि सूचना लिहायचं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मावशी मला तो फळा लिहायला न्यायची. मी लिहायची, गुरुवार, नखं, मावशी. खडू झटकून निघायची. वॉर्डात पाऊल टाकायची नाही.

गेल्या वर्षी मावशीची उजवी बाजू गेली. सकाळी चहा ओतताना कप हातातून पडला आणि पाठोपाठ ती. तिला साखरेचा आजार आधीपासून होताच. नेलं तेही त्याच इस्पितळात, आणि खाट मिळाली तीही त्याच वॉर्डात, खिडकीजवळची एकवीस नंबर. बोलणं जड झालं, पण कळायचं. डॉक्टर, सफाईवाले, सगळे येऊन भेटून गेले. मला वाटलं, आपल्या माणसांत आहे, काळजी नाही.

कचेरी सुटली की मी रोज डबा घेऊन जायची. उशाशी स्टूल, चमच्याने भरवायचं, तोंड पुसायचं, केस विंचरायचे. पायांकडे मी गेले नाही. उलट निघताना चादर ओढून पाय नीट झाकायची. तिचा बरा असलेला डावा हात ती कायम मूठ करून चादरीखाली ठेवायची. मी विचारलं, "थंडी वाजते का?" तिने मान हलवली, हो. मी आणखी एक पांघरूण आणून घातलं. किती ती माझी माया!

मधल्या काळात पहिली तारीख दोनदा आली. फळा पुसताना मी हेडबाईंना विचारलं, "गुरुवारी कुणाचं नाव घालू?"

"अहो, काढू नका तिचं नाव! तिला काय वाटेल? बरी होऊन येणारच आहे ती. मानाचं नाव आहे ते, राहू दे."

सगळ्यांचे डोळे पाणावले. माझेही. मी छान ठळक अक्षरात लिहिलं, गुरुवार, नखं, मावशी. दोन्ही वेळा.

सात आठवडे झाले तेव्हा मंडळाने तिचा सत्कार ठरवला, खाटेपाशीच. मानपत्र मीच लिहिलं, सोनेरी शाईने, वर 'सेवामूर्ती' असं. गुरुवारचा दिवस होता. हेडबाई बोलल्या. उंटावरून शेळ्या हाकायची सवय असलेल्या माणसाला भाषण लवकर आवरता येत नाही. शेवटी फोटोवाला म्हणाला, "दोघी जणी पायाशी या, म्हणजे चौकट भरेल." हेडबाई पायाशी गेल्या, वाकल्या, आणि नाकाला रुमाल लावून चटकन मागे सरल्या.

तो वास मला रोज येत होता. मी तो वॉर्डाचा समजत होते.

सिस्टरने चादर वर केली. मी पाहिलं. पाहावंच लागलं. दहाही बोटांची नखं वाढून वाकली होती, आणि उजव्या अंगठ्याचं नख कडेने मांसात घुसून तिथे सगळं काळंहिरवं झालं होतं, पू चादरीला चिकटला होता. साखरेने पायातली जाणीव गेलेली, त्यात ती बाजू लुळी, म्हणून तिला दुखलंही नव्हतं. सत्काराला जमलेली माणसं अशी पांगली की जणू पाय त्यांच्यामागे धावून येणार होता. मानपत्र खाटेवर उताणं पडलं होतं.

"नखं कोण करतं सध्या?" सिस्टर ओरडली. "ते तुमच्या मंडळाकडे आहे ना? आम्ही तीस वर्षं त्याला हात लावलेला नाही!"

फळ्यावर लिहिलेलं होतं कोण करतं ते, माझ्या वळणदार अक्षरात. आजूबाजूच्या एकोणचाळीस खाटांवरही सात आठवडे तेच चाललं होतं. मानाचं नाव म्हणून राखलं, आणि त्या नावाआड प्रत्येकाने आपले हात स्वच्छ ठेवले. मला त्या सगळ्यांची शिसारी आली, हेडबाईंची, केळेवाल्यांची. पण स्वतःची आली तेवढी कुणाची आली नाही. त्यांनी निदान चादर तरी ओढली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल, उशीर केला तर पाऊलही जाईल. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली. माणसं गेल्यावर मी मावशीवर चिडले. दुसरं काय करणार होते? "सांगायचं नाहीस? मी रोज येत होते ना इथे! एक शब्द बोलली असतीस तर!"

ती जड जिभेने एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मी कधी कुणाला मागायला लावलं नाही गं. वाटलं, तुलाही कळेल."

मग डाव्या हाताची मूठ तिने चादरीबाहेर काढली आणि उघडली. तळव्यात नखांच्या चार खुणा रुतल्या होत्या.

चादरींच्या खोलीत तिचा पत्र्याचा डबा होता. मी तो आणला. कोमट पाणी आणलं, साबण घातला. सिस्टरने अंगठ्यावर पट्टी बांधून मला बाकीच्या नऊ बोटांची परवानगी दिली. मांडीवर टॉवेल घेतला आणि पाय उचलला. कुणाला वाटेल की मायेपुढे किळस विरघळून जाते. तसलं काही होत नाही. मी मान वळवली, दोनदा उमासे आले, आणि परत बसले.

"आडवं काप," मावशी उशीवरून म्हणाली. "कोपरे ठेव. गोल नको."

आडवी कापली. दोन्ही हातांचीही कापली. तुकडे पेपरात गुंडाळून टाकले. बाहेरच्या नळावर हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले. मग स्टूल ओढून जेवणाचा डबा उघडला आणि घास तिच्या तोंडाशी नेला. चमचा घरी राहिला होता. मीच आपली म्हणाले, "हात धुतलेत हं, मावशी. तीनदा."

"मी विचारलं का?" ती म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.