तूरडाळीची तालीम

"मरायचं हाय काय?"

हा बाईंचा नमस्कार. आधी उजव्या तळव्याची टेबलावर सणसणीत थाप, त्या थापेसरशी पेनं उडायची, चहा बशीत सांडायचा, आणि मग हा प्रश्न. चहात साखर जास्त झाली की हाच प्रश्न, प्रिंटरमध्ये कागद अडकला की हाच, आणि संचालक रजेवरून परतले की त्यांनाही हाच. संचालक उत्तर म्हणून फक्त हसायचे. बाकी आम्ही तेवढंही करत नसू.

आमची संस्था लहानशी. घरोघर जाऊन लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तरं संगणकात भरायची आणि त्यातून अहवाल काढायचे, असा धंदा. संगणकाची खोली माझ्याकडे होती आणि उन्हातान्हातली सगळी फिरती बाईंकडे. दर उन्हाळ्यात कॉलेजांतली मुलं-मुली आमच्याकडे इंटर्नशिपला येत. समाज समजून घ्यायचाय, असं अर्जात लिहून येत. पहिल्या दिवशी त्यांना बाई समजत, आणि निम्म्यांना तेवढ्यावरच समाजाचा अंदाज येई.

बाई अकोल्याकडच्या. पन्नाशी उलटलेली, उंच अंग, पैलवानासारखे खांदे. त्यांच्याकडे दोन मराठ्या होत्या. नगरसेवक किंवा वॉर्डातला साहेब समोर असला की, "अहो, आपण जरा बसता का?" अशी सदाशिवपेठी धुतलेली. राग आला की वऱ्हाडी. म्हणजे बहुतेक वेळ वऱ्हाडीच. एखादी नवी मुलगी त्यांना "मॅम" म्हणाली की त्या तिची वेणी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवत आणि विचारत, "मॅम कुठं दिसून राहिली तुले? मी बाई हाय."

एकदा बसमध्ये एका गृहस्थाने आमच्या एका इंटर्नला कोपर लावलं. बाईंनी आरडाओरडा केला नाही. त्याचं मधलं बोट धरलं, मागे वाकवलं, आणि स्वारगेटपासून मार्केट यार्डापर्यंत तसंच धरून ठेवलं. गृहस्थाच्या डोळ्यांतून धारा. उतरताना बाई कंडक्टरला म्हणाल्या, "याले झोपू द्या बाप्पा, थकला तो."

तर मंडळी, अशा बाईंकडे त्या उन्हाळ्यात काम आलं ते घरातल्या मारहाणीच्या पाहणीचं.

या कामाची एक रीत असते, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मारहाणीचे प्रश्न बाईमाणसाला एकटं गाठूनच विचारायचे. विचारता विचारता नवरा, सासू, दीर, कुणीही घरात शिरलं, की तत्क्षणी ते प्रश्न गिळायचे आणि दुसरे सुरू करायचे. "तूरडाळ महिन्याला किती लागते? पालेभाजी आठवड्यातून किती वेळा?" आवाज तोच, चेहरा तोच. येणाऱ्याला वाटलं पाहिजे, कॉलेजच्या पोरी, डाळी मोजतायत, मोजू द्या. एवढी एक डाळ त्या बाईच्या आणि तिच्या मरणाच्या मध्ये उभी असते.

बाई याची तालीम घेत. काय तालीम! मीटिंगच्या खोलीत एक मुलगी मार खाणारी बायको व्हायची, एक प्रश्न विचारणारी. बाई बाहेर. आत मुलाखत रंगात आली की दारावर लाथ. दार भिंतीवर आपटायचं, गिलावा पडायचा. पदर कमरेला खोचून, डोळे लाल करून बाई आत. "कोन हाय बे घरात? कोनाशी बोलून राहिली तू?" खुर्ची भिरकावली जायची. कप फुटायचा, तो खरा, आमच्या पँट्रीतला. एका मुलीने हंबरडा फोडला. दुसरी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी अंकल." एक मोठ्या कॉलेजचा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, पाच मिनिटं द्या, फक्त गळा दाबण्याचा प्रश्न राहिलाय." बाईंनी त्याला हाताला धरून जिन्यापर्यंत नेलं आणि सांगितलं, "जाय. बँकेत नोकरी कर."

फुटक्या कपाच्या आणि उडत्या चपलांच्या मधे बसून जी "तूरडाळ किती लागते" असं सरळ आवाजात विचारी, तीच वस्तीत जायची. दुसरा नियमही त्याच वेळी घोकून घेतला जाई. मुलाखत देणाऱ्या बाईचा फोन नंबर आपण घेतो तो समुपदेशकांसाठी. आपण त्यावर फोन करायचा नाही. जग बुडालं तरी नाही.

ही तालीम संगणकावर काम करणाऱ्या इंटर्नना नव्हती. ते काही वस्तीत जाणार नाहीत, वेळ कशाला घालवायचा, असं संचालकांनी ठरवलं होतं. बाई त्यावरून भांडल्या, टेबलाची काच तडकली, पण ठरलं ते ठरलं.

त्या संगणकवाल्यांत ऋता होती. संख्याशास्त्राची, हुशार, नम्र, आणि अपूर्णतेची चीड असलेली. रिकामा रकाना दिसला की तिला दातात काही अडकल्यासारखं होई. एके दुपारी तिला बिबवेवाडीची एक मुलाखत दिसली. मारहाणीची उत्तरं मध्येच तुटलेली आणि पुढे एकदम तूरडाळ. तुम्हाला आता कळतंय काय झालं असेल ते. ऋताला कळलं नाही. तिच्या लेखी ती अर्धवट राहिलेली माहिती होती. तिने फोन लावला.

मग हसत माझ्याकडे आली. "सर, एक रिस्पॉन्डंट खूप कोऑपरेटिव्ह आहेत. घरीच बोलावलंय."

"कोणी बोलावलंय?"

"मिस्टरांनी. फोन त्यांनीच घेतला. मी म्हटलं, परवाची मुलाखत अर्धी राहिली होती, 'नवऱ्याने गळा दाबला' इथपर्यंत ताईंनी सांगितलं होतं, त्याच्या पुढचं हवंय. तर म्हणाले, पुढचं मी दाखवतो, या."

शेजारच्या टेबलावर बाई भाकरी खात होत्या. मी थाप पडायची वाट पाहिली. थाप पडली नाही. बाईंनी तोंडातला घास बाहेर काढून डब्यात ठेवला.

"हासला काय तो?" त्यांनी विचारलं.

"हो बाई. एकदा."

बाईंनी टेबलावरचं हेल्मेट उचललं आणि त्या धावत सुटल्या. मी मागे. स्कूटर त्यांनी कशी चालवली हे मला विचारू नका, मी डोळे मिटून पोलिसांना फोन करत होतो. मार्केट यार्डाच्या चौकात कांद्याचा ट्रक आडवा. बाईंनी हेल्मेट काढून त्याच्या बॉनेटवर दोन हाणले. ड्रायव्हर ओरडला, "अय मावशे, येड लागलं का?" तोवर आम्ही फुटपाथवरून पलीकडे गेलो होतो.

जिची मुलाखत तुटली होती ती बाई, नाव सांगत नाही, आपण तिला ताई म्हणू. ताईचा नवरा पहाटे मार्केट यार्डात टेंपो भरायचा आणि दुपारी घरी असायचा. उतारावरच्या चाळीत दोन खोल्या. दार आतून बंद. शेजारी आपापल्या उंबऱ्यात उभे. आतून आवाज येत होता, आणि तो किंचाळण्याचा नव्हता. ओलं कापड दगडावर आपटावं तसा, एका लयीतला. एक म्हातारबा आम्हाला म्हणाले, "त्यांच्या घरातलं हाय. तुम्ही नका पडू."

बाईंनी त्यांना बाजूला केलं. दाराशी कपडे धुवायचा दगड होता. तो दोन्ही हातांनी उचलून त्यांनी दारावर घातला. दुसऱ्या घावाला दार गेलं.

इथे मला नाटक करता येत नाही. ताई मोरीच्या कठड्याला टेकून पडली होती. जबडा जिथे असायला हवा तिथे नव्हता. नवरा तिच्या केसांना धरून तिचं डोकं कठड्यावर आपटत होता आणि दर आपटीला विचारत होता, "अजून काय काय सांगितलंस? अजून काय?"

बाईंनी कोपरात अडकवलेलं हेल्मेट त्याच्या कानशिलावर घातलं. तो वळला. दुसरं नाकावर. रक्ताची चिळकांडी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. तिसरं हुकलं, आणि त्याने ओट्यावरचा कुकर उचलून बाईंच्या डाव्या कानावर मारला. बाई गुडघ्यावर आल्या, पण ताईच्या आणि त्याच्या मधेच आल्या. त्याने पुन्हा कुकर उचलला. मी काय केलं? मी त्याचे पाय धरले. आयुष्यात इतक्या भक्तीने मी कुणाचे पाय धरले नाहीत. तो माझ्यावर पडला, माझी बरगडी मोडली, आणि मग उंबऱ्यातले शेजारी अखेर आत आले. म्हातारबा त्याच्या छातीवर बसले. तेच म्हातारबा.

पोलीस आले तेव्हा बाई ताईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. स्वतःच्या कानातून रक्त गळत होतं. हवालदार म्हणाला, "मॅडम, तुम्हाला लागलंय." बाईंनी विचारलं, "काय?" पुढे त्या कानाने त्यांना कधीच ऐकू आलं नाही.

ताई जगली. सरकारी दवाखान्यात जबड्याला तारा घालून पडून राहिली.

इकडे संस्थेने चौकशी समिती बसवली. पाहणी करणाऱ्या संस्थेच्या माणसाने कुणाच्या घराचं दार फोडून मारहाण करायची म्हणजे काय! समितीतल्या एका सद्‌गृहस्थांनी विचारलं, "आपण त्या इसमावर प्रहार केलेत?"

"हो. दोन लागले, एक हुकला."

"आपल्याला खेद वाटतो का?"

"वाटतो ना. हेल्मेट हलकं निघालं."

मग विषय ऋताचा निघाला. तिला घरी पाठवावं, प्रमाणपत्र देऊ नये, असं ठरत होतं. बाई उठल्या. "तिचं मी पाहते," म्हणाल्या, आणि बाहेर रडत बसलेल्या ऋताला मनगटाला धरून थेट दवाखान्यात घेऊन गेल्या. मीही बरगडी सांभाळत मागे. खाटेपाशी उभं करून त्या ऋताला म्हणाल्या, "रडू नको. तिच्याकडे पाह्य. सांग तिले, फोन कोनं केला थे."

ऋताने सांगितलं. सगळं, एकही रकाना रिकामा न ठेवता.

ताई ऐकत होती. तारांनी तोंड बंद, फक्त डोळे. ती हळूहळू उठून बसली, आणि तिने ऋताच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. नर्स धावली. बाईंनी नर्सला हाताने अडवलं.

"अजून एक मारायची असन तर मार," बाई ताईला म्हणाल्या. "पळून जात नाही ते."

ऋता खरंच पळाली नाही. गाल लाल, तशीच उभी. ताईने दुसरी मारली नाही. हात खाली पडला, आणि ती मान भिंतीकडे करून पडून राहिली. ऋता दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्याही. नळीने पेज पाजायची, लघवीला न्यायची. ताई तिच्याकडे बघायची नाही, पण पेज प्यायची. सुट्टी संपली, तरी पोरगी कॉलेजमधून थेट वॉर्डात यायची. ताईने तिला माफ केलं का, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

बाईंना राजीनामा द्यायला लावला. त्यांनी तो दिला, संचालकांच्या टेबलावर एक शेवटची थाप दिली, आणि निघून गेल्या.

त्या कुठे गेल्या ते पुढे कळलं. ताई बरी होऊन हडपसरला बहिणीकडे राहायला गेली होती आणि नवरा जामिनावर सुटला होता. बाईंनी त्याच गल्लीत, समोरची खोली घेतली. सकाळी प्लास्टिकची खुर्ची बाहेर टाकायच्या आणि दिवे लागेपर्यंत गल्लीच्या तोंडाकडे बघत बसायच्या. नवरा एकदा आला होता म्हणतात. गल्लीच्या कोपऱ्यावर उभा राहिला. बाई खुर्चीतून उठल्या, एवढंच. तो गेला, तो पुन्हा दिसला नाही.

गेल्या मे महिन्यात मी हडपसरला गेलो. समोरच्या खोलीला कुलूप. ताईच्या घरात शिलाई मशीन चालू होतं.

"बाई कुठायत?" मी दारातूनच विचारलं.

"या ना दादा, बसा. बाई गेल्या अकोल्याला, भावाकडं," ताई म्हणाली. जबडा जरा वाकडा राहिलाय, त्यामुळे ती हसली तरी एकाच बाजूने हसते. "मीच घालवलं त्यांना."

"म्हणजे?"

"मग काय करू? ब्लाउज शिवायला घेतले मी. गिऱ्हाईक आलं की ह्या समोरून ओरडणार, 'कोन हाय? काय काम हाय?' एका बाईची तर पिशवीच हिसकून तपासली. कोण येणार सांगा? शेवटी म्हटलं, बाई, आता तुम्ही जा. मी बघते माझं."

"आणि त्या गेल्या?"

"भांडल्या की. दोन दिवस! गल्ली गोळा झाली. 'तुले मरायचं हाय काय' म्हणाल्या. म्हटलं, नाही मरत. मग सामान बांधलं. जाताना ह्या इथं उभ्या राहिल्या आणि असा हात उगारला." ताईने पाय मशीनवरून काढला. "दादा, कुणी नुसता केस सारखे करायला हात वर केला ना, तरी माझे डोळे मिटायचे. लग्न झाल्यापासनं. बहिणीचं पोर टाटा करायचं, तरी मिटायचे."

"मग?"

"त्या दिवशी उघडेच राहिले. बाईंनी पाहिलं ते. हात तसाच वर. मग एकदम वळल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या. मागं बघितलंच नाही."

दारात एक गिऱ्हाईक आलं, बाही घट्ट झाली म्हणून तावातावाने ओरडायला लागलं. ताई उठली, कमरेवर हात ठेवून त्या बाईच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "माप तुम्हीच दिलं होतं."