सिग्नलवरची चावी

काम करून माणूस थकत नाही, असं माझी आई म्हणायची. तिला काय जातंय म्हणायला! पण त्यात थोडं खरं आहे. भांडी घासून, भात शिजवून, दिवसभर उभी राहून माझे पाय दुखतात, ते रात्री तेल लावलं की बरे होतात. रोज सकाळी वाटतं आज तरी नीट चालेल, आणि रोज दुपारी तीच गोष्ट दगा देते, त्याने जो शीण येतो त्याला तेल नाही. गेल्या वर्षी दोन बॅटऱ्यांनी मला तसा शीण आणला होता.

आमच्या जुन्या जीपच्या मागे एक दोन चाकांचा पत्र्याचा ट्रेलर जोडलेला असतो. घरात आम्ही त्याला डबाच म्हणतो. आत गॅसच्या शेगड्या, पाण्याची टाकी आणि पंप, दिवे, आणि एक बुटका फ्रिज. परळला हॉस्पिटलांच्या गल्लीत तो लावायचा आणि पेशंटच्या माणसांना पेज, मऊ भात, दही, ताक, चहा द्यायचा, हा आमचा धंदा. आमचा म्हणजे माझा आणि बाबांचा. बाबा माझे वडील. उभा जन्म त्यांनी काळीपिवळी टॅक्सी चालवली. टॅक्सी भंगारात गेली तेव्हा घरात बसून भिंतीकडे बघायला लागले, म्हणून मीच म्हटलं, चला बाबा, मला ड्रायव्हर हवाय. जीपच्या डॅशबोर्डवर त्यांनी टॅक्सीतलीच बुद्धाची लहानशी मूर्ती आणून चिकटवली. त्या दिवशी ते पुन्हा माणसात आले.

तर या डब्यातला फ्रिज, पंप, दिवे सगळं चालतं खाली ठेवलेल्या दोन मोठ्या बॅटऱ्यांवर. त्या चार्ज कुठे करायच्या? आम्ही भोईवाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. खिडकीतून वायर सोडते म्हटलं तर चाळीतल्या कमिटीने असा गोंधळ घातला की जणू मी फासाचा दोर सोडतेय. डबा उभा राहतो शीवला, बाबांच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याच्या आवारात. त्याने जागा दिली हेच पुष्कळ, वर लाईट मागायची कुठल्या तोंडाने? तोच म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ. जीपमधून डब्याला वायर टाकतो. गाडी चालली की बॅटरी भरत राहील. शीव ते परळ यायचं, परळ ते शीव जायचं. फुकटात काम."

त्याने वायर टाकली, मध्ये एक रिले बसवला आणि डॅशबोर्डच्या खाली, डाव्या अंगाला, एक हिरवा दिवा लावला. डब्यात करंट जातोय तोवर तो पेटलेला राहणार. सगळं छान झालं. आठवडाभर चाललंही. मग सुरू झाली कटकट.

दुपार झाली की फ्रिज बंद. आधी दिवा मिणमिणायचा, मग पंप कण्हल्यासारखा आवाज करायचा, मग फ्रिज. मे महिना, पत्र्याचा डबा, आत शेगड्या. दूध फाटायचं, दही आंबून जायचं. नवऱ्याच्या किमोसाठी साताऱ्याहून आलेली एक बाई रोज दहीभात न्यायची, कारण त्याच्या तोंडाला दुसरं काही लागत नव्हतं. तिला "आज दही नाही" सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती बिचारी आपला रिकामा डबा परत पिशवीत ठेवायची.

गॅरेजवाल्याकडे दोनदा गेले. त्याने जीप चालू केली, मीटर लावला, हिरवा दिवा दाखवला. "हे बघा. एकदम ओके. बॅटऱ्या पण नव्या आहेत." मग जरा खालच्या आवाजात, "ताई, रागावू नका. तुमचे बाबा संध्याकाळी डबा लावून जातात ना, डब्याचा मेन स्विच बंद करायला विसरत असतील, रात्रभर बॅटरी उतरते. वय झालं."

झालं. खापर फोडायला डोकं सापडलं.

मी चिडले, बाबांवर ओरडलेही. थकलेलं माणूस ओरडतं, त्यात काही नवल नाही. बाबांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, कारण आमच्याकडे भांडण म्हणजे दोन्ही बाजूंनी. पण ते भांडलेच नाहीत. म्हणाले, "मी बंद केलेला आठवतोय गं बाय. पण काय माहीत."

त्या "काय माहीत"ने मी धास्तावले. कारण बाबांच्या थोरल्या भावाचं, माझ्या काकांचं, असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग दाराची कडी, मग घरचा पत्ता. शेवटी शेवटी ते जेवणाचा डबा घेऊन लालबागला मिल होती त्या जागी जायचे आणि टॉवरच्या वॉचमनशी भांडायचे की मला आत का सोडत नाहीस, माझी शिफ्ट आहे. बाबाच त्यांना टॅक्सीत घालून घरी आणायचे. दर वेळी काका विचारायचे, "किती झालं भाडं?"

बाबांनी ते सगळं जवळून पाहिलं होतं. आता ते स्वतःला तपासायला लागले. संध्याकाळी शीवला स्विच बंद करायचे, बसस्टॉपपर्यंत यायचे आणि परत बघायला जायचे. घरी आल्यावर मला न विचारता सांगायचे, "आज बंद केला हां. हाताने बघितला." भाजीत मीठ कमी लागलं तरी "मला लागतंय का तसं?" म्हणून विचारायचे. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रिज बंदच पडायचा. मग त्यांचा चेहरा बघवायचा नाही. स्टूलवर बसून ते माझ्याकडे पाठ करून कांदे सोलत राहायचे.

माझा धाकटा भाऊ कल्याणला असतो. त्याचा फोन आला. "ताई, काका आठवतात ना तुला? उद्या बाबा गाडी घेऊन कुठे भलतीकडे गेले, कुणाला ठोकलं, तर? मी रविवारी येतो. चावी मी घेतो. डॉक्टरला दाखवू. तू ड्रायव्हर ठेव."

"अरे, गाडी काढून घेतलीस तर राहील काय त्यांच्याकडे?"

"आणि काही झालं तर आपल्याकडे काय राहील?"

बरोबरच होतं त्याचं. म्हणूनच त्याचा जास्त राग आला. मी बाबांना सांगितलं, रविवारी तो येतोय. ते म्हणाले, "चावी न्यायला ना? नेऊ दे. मी काही भांडणार नाही." एवढं शांत बोलणारे माझे बाबा नव्हेतच.

आता इथे एक सांगायला हवं. जीपमध्ये मी बाबांबरोबर कधी बसायचेच नाही. सकाळी मी दादरला भाजी घ्यायला जायचे आणि तिथून परस्पर परळला. संध्याकाळी भोईवाडा चालत पाच मिनिटांवर, मी घरी, आणि बाबा एकटे डबा घेऊन शीवला. त्यांना गाडी चालवताना गेल्या कित्येक महिन्यांत घरातल्या कुणी पाहिलंच नव्हतं. शनिवारी मी भाजी शेजारणीला आणायला सांगितली आणि बाबांबरोबर शीवला गेले. मनात एकच होतं, उद्या भाऊ चावी नेणार, तर आज स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे, ते चुकतात तरी कुठे.

कुठेच चुकेनात. डबा जोडला, कडी दोनदा हलवून बघितली, आरसा पुसला. बेस्टच्या बसला वाट दिली, मध्ये घुसणाऱ्या स्कूटरवाल्याला टॅक्सीवाल्यांच्या खास भाषेत शिवी दिली, ती मी इथे लिहीत नाही. माटुंग्याच्या सिग्नलला थांबलो. आणि एकदम सगळं शांत झालं. पंख्याचा आवाज येतच असतो आणि लाईट गेल्यावरच कळतं की पंखा चालू होता, तसं झालं. मला वाटलं गाडी बंद पडली. सिग्नल सुटायच्या जरासं आधी बाबांनी चावी फिरवली, गाडी निघाली.

पुढच्या सिग्नलला तेच. दादर टीटीला तेच. बाबा मला जुन्या दिवसांतल्या कुठल्याशा पॅसेंजरची गोष्ट सांगत होते, आणि गोष्ट जराही न थांबता त्यांचा उजवा हात आपला आपण चावीवर जात होता. बंद. मग परत चालू. डाव्या बाजूला माझ्या गुडघ्याजवळ तो हिरवा दिवा. गाडी बंद झाली की तोही विझायचा.

"बाबा, गाडी बंद का केलीत?"

"कुठे बंद केली?"

"आत्ता. सिग्नलला."

त्यांनी चावीकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे. "केली का मी?" असं इतकं हळू म्हणाले की मला रडूच आलं.

हिंदमाताला तर सिग्नल, पुढे गर्दी, पुढे परत सिग्नल. गाडी चालू कमी आणि बंद जास्त. परळला पोहोचल्या पोहोचल्या मी गॅरेजवाल्याला फोन लावला आणि सांगितलं काय बघितलं ते. तो हसायलाच लागला.

"अहो ताई! बोंबला! मग कशी भरणार बॅटरी? इंजिन चालू तर तो रिले जोडतो, बंद तर तोडतो. बंद झालं की भरायचं राहिलं बाजूला, फ्रिज वरून खात बसतो. आणि दर वेळी स्टार्ट मारला की पहिला घास जीपची बॅटरी घेते. अर्ध्या रस्त्यात तुमचा काटा उलटा फिरतोय. जुने टॅक्सीवाले सगळे असेच. सिग्नल दिसला की बंद. तेल वाचवायला. माझे सासरे पण तसेच होते."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. बाबा स्टूलवर बसून ऐकत होते. फोन बंद झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हणजे स्विच मी बंद करत होतो?"

"करत होतात."

"रोज?"

"रोजच करत असाल, बाबा."

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे ना, बाय?"

मी काय सांगू! एवढा मोठा माणूस, गल्लीतून माणसं ये-जा करतायत, शेगडीवर पेज उतू जातेय, आणि हा माझ्याकडे असा बघतोय की मी न्यायाधीश. म्हटलं, "ठीक आहे. फार ठीक आहे. जन्माची खोड एकही दिवस विसरला नाहीत, तेच तर नडलंय." ते हसले, मग खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घालून बसले. मी पेज खाली उतरवली. मलाही बसावंसं वाटत होतं, पण गिऱ्हाईक आलं.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. संध्याकाळी परत जाताना मी बरोबर बसले आणि दर सिग्नलला ओरडत राहिले, "बाबा, चावी!" हात अर्ध्यात थांबायचा आणि परत जायचा. नायगावपाशी मी ओरडायच्या आत बंद झालीच. बाबा स्वतःवरच वैतागले. "आयुष्यभर ह्या हाताने दोन घास वाचवले गं. आता त्यालाच सांगायचं, उधळ?" शीवला पोहोचेतो माझा घसा बसला होता. पण हिरवा दिवा बराच वेळ पेटलेला होता.

रविवारी भाऊ सकाळीच शीवला आला. हॉस्पिटलला कसला आलाय रविवार, डबा निघायलाच हवा होता. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. "ठीक आहे, बघू," एवढंच म्हणाला आणि बाबांच्या शेजारी बसला. मी मागच्या सीटवर. मुद्दाम गप्प राहायचं ठरवलं. मी ओरडून गाडी चालू ठेवली तर त्याचा उपयोग काय?

माटुंग्याचा सिग्नल लाल झाला. बाबांनी गाडी थांबवली, न्यूट्रल केली, आणि उजवा हात उचलून स्वतःच्या मांडीखाली घातला. शाळेत बाईंनी शिक्षा केलेल्या मुलासारखा त्यावर बसले. इंजिन धडधडत होतं. दिवा पेटलेला. दादरला परत तसंच. हिंदमाताला सिग्नल सुटेचना, आणि बाबांचा तो खांदा आतल्या आत नुसता हलत होता.

भाऊ म्हणाला, "बाबा, हात दुखतोय का?"

"हात नाही रे," बाबा दात आवळून म्हणाले. "डिझेल जळतंय, ते दुखतंय."

भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. मला आरशात त्याचे डोळे दिसले, म्हणून मीही बाहेर बघितलं.

परळला गल्लीत डबा लावला. बाबांनी गाडी बंद केली, चावी काढली, शर्टाला पुसली आणि भावापुढे धरली. ठरल्याप्रमाणे.

भावाने चावीकडे बघितलं, मग फ्रिज उघडला. आत दही घट्ट, गार. त्याने झाकण लावलं.

"ठेवा तुमच्याकडे," तो म्हणाला. "उद्या डबा कोण आणणार?"

बाबांनी चावी खिशात टाकली आणि वरून हाताने चाचपून बघितली. मग मला म्हणाले, "कांदे दे इकडे."

साताऱ्याची बाई साडी सावरत गल्लीत वळत होती. मी दही वाढायला घेतलं.