आरोंद्याच्या वाटेवर दोन गाड्या

मिठबावला पोचलो आणि आमची गाडी देवळासमोरच थांबली. थांबली म्हणजे, पुढे जाईना. यांनी निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली ही पिवळी स्पोर्ट्‌स कार इतकी बुटकी, की माझ्या दादाच्या घराकडे जाणाऱ्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) चढणीवर तिचं पोट खर्रकन घासलं. यांच्या काळजात चर्र झालं. कोल्हापूरपासून "बघ, घाट कसा चढली!" ऐकत आले होते, तरी मी काही बोलले नाही. फारसं बोलले नाही म्हणा.

आम्ही आलो होतो वहिनीसाठी. गेल्या पावसाळ्यात तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती. आरोंद्याला तिची थकलेली आई लेकीच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, आणि तिचंही आता काही खरं नव्हतं. दादाची जुनी फियाट भरवशाची राहिली नाही, म्हणून यांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "वहिनींना मी नेतो. फुलासारखं नेतो."

दादानं फियाटमधून वहिनीला चढणीखाली आणलं. आम्ही आमच्या गाडीचं दार उघडलं. पण त्या गाडीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसायचं. वहिनीचा पाय वाकेना. दोन्हीकडून धरलं तरी जमेना, बिचारी घामाघूम झाली. "नुको गो बाय, माका नाय जमाचा," म्हणाली आणि तोंड फिरवलं. मला इतकं वाईट वाटलं, की मी यांच्यावरच डाफरले.

आता उरली फियाट. "वाटेत बंद पडली तर हिका घेवन खंय जांव?" दादा हळूच म्हणाला.

"मी मागे असतो ना," हे म्हणाले.

निघताना दादानं देवळाच्या पायरीवर नारळ ठेवून गाऱ्हाणं (देवाला मोठ्यानं केलेली विनवणी) घातलं. "बा देवा म्हाराजा! हिका आवशीच्या (आईच्या) भेटीक घेवन जातंय. गाडी म्हातारी आसा, माणसांय म्हातारी आसत. सगळ्यांक सुखरूप परत हाड (आण) रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"आणि पावण्यांच्या नव्या गाडयेक जरा दमान चालाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

यावर सगळ्यांत मोठ्यानं वहिनी म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मग काय, पुढे फियाट रमतगमत आणि मागे आमची गुरगुरत. एका रिक्षावाल्यानं आम्हाला मागे टाकताना विचारलं, "काय ओ, पेट्रोल संपला काय?" एरवी हे पेटले असते. आज नुसते हसले.

मालवणात फियाट तापली. खानावळीसमोर बॉनेट उघडून ठेवलं आणि आम्ही आत बांगडा आणि सोलकढी घेतली. दादा काटे काढून एकेक घास वहिनीच्या ताटात ठेवत होता. खानावळवाल्या बाईंनी न सांगता बादली आणून दिली. "तुमका कढी, गाडयेक पाणी," म्हणाल्या.

आरोंद्याला घराच्या पायऱ्या उंच. वहिनीला वर कसं न्यायचं, या विचारात आम्ही उभे. तेवढ्यात तिची आई काठी टेकत बाहेर आली. दादा उतरला होता, त्याच्या बाजूनं ती फियाटमध्ये चढली. पुढची सीट अखंड, गिअर स्टिअरिंगपाशी, मधे काहीच नाही. सरकत सरकत ती लेकीला जाऊन चिकटली. "इलंस (आलीस) गो?" एवढंच म्हणाली. मग लेकीचा डावा हात मांडीवर घेऊन चोळत बसली. दोघी दुपारभर गाडीतच होत्या. चहासुद्धा तिथेच झाला. मला रडू आवरलं नाही.

परतताना मागून फियाटची काच दिसत होती. वहिनीनं दादाच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. हे बराच वेळ तेच बघत होते.

"आपल्या गाडीत तुला असं टेकता येणार नाही," म्हणाले. "मधे हा गिअरचा डबा आहे."

यांची गाडी वाईट नाही. पुन्हा घाट लागला की मीही तिचं कौतुक करीन. पण थकलेल्या माणसाला लवकर पोचण्यापेक्षा कुणाला तरी टेकून जायचं असतं, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलं. मी डब्यावरून वाकून यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पाहिलं. कड बरगडीत टोचत होती. तरी मिठबाव येईपर्यंत मी तशीच बसून राहिले.