दहाव्याचा माईक

आमच्या मुकुंदवाडीत मरणाला भिणारी माणसं थोडी, पण आमच्या समोरच्या मावशींना न विचारता मरायला मात्र सगळेच भीत. माणूस गेला की त्याच्या दहाव्याचा माईक मावशींच्या हातात जाणार हे ठरलेलं, आणि त्या माईकसमोर कुणाला उभं करायचं हे त्या आधी कुणालाही सांगत नसत. आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला की श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. नगरसेवक बोलतो, चेअरमन बोलतो, ज्यानं गेलेल्या माणसाला उभ्या जन्मात कपभर चहा पाजला नाही तोही बोलतो, आणि कावळा पिंडाला शिवेपर्यंत हे चालूच राहतं. मावशींचं म्हणणं असं, की ही भाषणं पलीकडे जातच नाहीत. "गुळगुळीत बोलणं मेलेल्या माणसाला ऐकू जात नाय," असं त्या गवारी मोडता मोडता सांगत. "ज्याला कधी कुणी बोलू दिलं नाय, त्याचंच तेवढं तिकडं पोचतं. कावळा त्याच्यासाठी थांबलेला असतो." हे त्या इतक्या सहज सांगत की समोरच्या बाईच्या हातातली शेंग मोडायची राहून जाई.

मावशी मूळच्या कन्नड तालुक्याकडच्या आणि नोकरी बसस्टँडवर गाड्या पुकारण्याची. त्यांचं ते 'हाय-नाय' आणि 'लई' भोंग्यावरून साऱ्या स्टँडभर घुमायचं. एकदा कुणा प्रवाशानं तक्रार केली की असलं गावंढळ बोलणं शहराला शोभत नाही. मावशींनी दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गाडी तीनदा पुकारायला सुरुवात केली. आधी पुस्तकी मराठीत, मग "चाळीसगाव जानेवाले लोगां, गाडी लग गई, आव" असं दखनीत, आणि शेवटी आपल्या घरच्या बोलीत. तक्रार करणाऱ्याला तीन तीनदा ऐकावं लागलं. काठी टेकत येणारं म्हातारं माणूस दिसलं की त्या ड्रायव्हरला भोंग्यावरूनच दम देत, "सावकाश! म्हातारं येतंय. गाडी उभी ठिवा." निवृत्त झाल्यावर त्यांनी चाकांचा एक स्पीकर आणि माईक विकत घेतला. बोलण्याआधी माईकवर नखानं दोनदा टकटक करायची, आणि एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून मान तिरपी करून चांगला कान समोरच्याकडे द्यायचा, या त्यांच्या दोन सवयी स्टँडवरून घरी आल्या. दुपारी त्या गच्चीवर सराव करत. तेव्हा समोरच्या तारेवर कावळे येऊन बसत, एकही ओरडत नसे, आणि सगळ्यांच्या माना तिरप्या. "बसा. गाडी अजून लागली नाय," असं मावशी त्यांना सांगत. आमच्या बायका त्याच गच्चीवर पापड वाळत घालायच्या. कावळे पापडांना चोच लावत नाहीत हे लक्षात आलं तेव्हा खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण त्या दिवसापासून त्यांनी पापड दुसरीकडे हलवले.

जिवंत माणसांचीही सुटका नव्हती. कुणाच्या साठीला, कुणाच्या साखरपुड्याला, मावशी ताटावर बसल्या बसल्या शेजारच्या म्हाताऱ्याला विचारत, "तुमच्या दहाव्याला कोण बोलणार?" म्हाताऱ्याच्या घशात जिलबी अडकायची. एका निवृत्त हेडमास्तरांनी छाती काढून सांगितलं होतं, "माझा थोरला. वकील आहे." मावशींनी मान तिरपी करून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "वकील बोलंल हो, बख्खळ बोलंल. पर कावळा यायचा नाय. धाकटा का येत नाय घरी?" हेडमास्तर दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं धाकट्याकडे गेले. मला हा प्रश्न मावशींनी कधीच विचारला नाही. मला त्या उलटंच सांगत. "माझ्या दहाव्याला तू बोलायचं. ध्यानात ठिव."

इथं मला माझ्याविषयी सांगायला हवं. मी तोतरा आहे. 'क' आणि 'म' ही माझी जन्मापासूनची दोन दुखणी. 'क'वर मी अडकतो आणि 'म'वर तर ओठ मिटतात ते मिटतातच. मावशींना मी जन्मात कधी 'मावशी' अशी हाक मारली नाही. दारात उभा राहून खोकायचो, आणि खोकला माझा आहे हे त्या आतून ओळखायच्या. माझे वडील गेले तेव्हा मला नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती. दहाव्याला काका बोलले, भाऊ बोलला, वडिलांच्या ऑफिसातले तिघे बोलले. कावळा आंब्यावरून हलेना. मी पुढे सरकलो तर काकांनी प्रेमानं खांद्यावर हात ठेवला, "राहू दे रे बाळा, तुला कशाला त्रास." त्यांच्या मनात दयाच होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. गवताचा कावळा वडिलांच्या पिंडाला लागला हे मला आजही सलतं. संध्याकाळी मावशी घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "त्या माणसानं लई वाट बघितली वो." पुढच्या दहाव्याला त्या स्वतःच स्पीकर ओढत घाटावर हजर झाल्या. बाई माणूस घाटावर कशाला, असं कुणीतरी कुरकुरलं. "मी अख्ख्या स्टँडाच्या गाड्या लावल्यात," मावशी म्हणाल्या. "इथं तर एकच सवारी हाय."

त्यांच्या घाटावरच्या गोष्टी सांगायला बसलो तर अंगावर काटाही येतो आणि हसूही आवरत नाही. गुलमंडीतले एक कापडवाले गेले. भाषणं सरता सरेनात, कावळे झाडावर दगडासारखे बसलेले. मावशी गर्दीवरून नजर फिरवत फिरवत मागं गेल्या आणि कापडवाल्यांच्या मुक्या-बहिऱ्या मुलीला पुढे घेऊन आल्या. "ही काय बोलणार?" असं जावई म्हणाला. मावशींनी माईक तिच्या तोंडापुढे धरलाच नाही. तो तिच्या हातांपुढे धरला. पोरगी हातांनी बोलू लागली आणि स्पीकरमधून तळव्यांची सळसळ आणि बांगड्यांची किणकिण सगळ्या घाटावर ऐकू यायला लागली. कुणाला काही कळत नव्हतं, पण एकही माणूस खोकला नाही. तिचे हात थांबायच्या आत कावळा उतरला होता. एकदा माझ्या ऑफिसातल्या एका बौद्ध सहकाऱ्याचे वडील गेले. त्यांच्याकडे पिंड नाही, कावळा नाही, पुण्यानुमोदनाची सभा असते. मावशी तिथंही गेल्या. हॉलमधला स्पीकर सकाळपासून घूं घूं करत होता आणि कुणाला दुरुस्त होत नव्हता. सगळे पुरुष बोलून झाल्यावर मावशींनी माईक सहकाऱ्याच्या आईकडे दिला. ती माउली कधी चार माणसांत बोललेली नव्हती. फोटोकडे बघून ती एवढंच म्हणाली, "चहा घेतला का?" त्या क्षणी स्पीकरची घूं घूं थांबली आणि सभा संपेपर्यंत पुन्हा आली नाही. तिथल्या पोरांनी नंतर सगळ्या वायरी तपासल्या, एकही सैल नव्हती.

मावशी कधी चुकल्याच नाहीत असं मात्र नाही. कन्नडच्या एका दहाव्याला त्यांनी सगळ्यात मागं गप्प उभ्या असलेल्या माणसाला हाताला धरून पुढे आणलं. तो बिचारा गयावया करत होता, "मावशी, म्या जीपवाला हाय. सवारी घिऊन आलो." आधी हात धरला, आता सोडायचा कसा? "आसशील. बोल," मावशी म्हणाल्या. जीपवाल्यानं टोपी काढली. "म्या वळखत नाय यांला," तो म्हणाला. "पर माझी जीप आज दोनदा भरली. लोकं टपावर बसून आले. चांगलंच आसंल माणूस." कावळा सरळ पिंडावर! त्या घरात पुढं महिनाभर भांडण पेटलं होतं, की पोटच्या पोरांसाठी न आलेला कावळा जीपवाल्यासाठी का आला. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "माझी चुकी झाली, पर कावळ्याची झाली नाय ना."

माझ्यावरचे त्यांचे उपकार मात्र त्याआधीचे, त्या नोकरीत होत्या तेव्हाचे. मला कामासाठी नेहमी कन्नडला जावं लागे. कंडक्टर समोर उभा, मागं रांग, आणि तोंडात 'क'. म्हणून मी सरळ चाळीसगावचं तिकीट काढायचो आणि कन्नडला उतरायचो. 'च'ला मला अडचण नाही. बरीच वर्षं मी डोंगरातल्या घाटापलीकडचं भाडं भरून घाटाअलीकडे उतरत आलो. हे मावशींना कसं कळलं कोण जाणे. एके दिवशी गाडीत बसलोय तोच भोंग्यातून टकटक ऐकू आलं आणि सबंध स्टँडवर आवाज घुमला, "चाळीसगाव गाडीचे कंडक्टर. तुमच्या गाडीत एक पोरगं बसलंय. त्याचं बोलणं पुरं होईस्तवर घंटी मारायची नाय. बोल रे, सावकाश. गाडी उभी हाय." धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. अख्खी गाडी माझ्याकडे बघत होती. पण मी बोललो. वेळ लागला, घाम फुटला, पण 'कन्नड' म्हणालो. माझा शब्द तोंडातून ओढून न घेता तो येईपर्यंत थांबणारं मला भेटलेलं हे पहिलं माणूस. बाकी सगळ्यांनी माझी वाक्यं आयुष्यभर मायेनं पुरी केली होती.

गेल्या हिवाळ्यात मावशी आजारी पडल्या आणि फार ताणलं नाही. शेवटच्या दिवशी मी उशाशी बसलो होतो. आवाज गेला होता. त्यांनी नखानं खाटेच्या पट्टीवर दोनदा टकटक केली आणि बोट माझ्याकडे दाखवलं. मी मान हलवली.

दहाव्याला घाटावर ही गर्दी. त्यांच्याच स्पीकरवर भाषणं झाली आणि सगळी सुरेख झाली. नगरसेवक बोलले, हेडमास्तर बोलले, त्यांचा वकील थोरलाही बोलला. कावळे तारेवर ओळीनं बसले होते, माना तिरप्या. ऊन चढलं. गुरुजींनी हळूच दर्भ हातात घेतला. तो दर्भ पाहिला आणि मला वडिलांचा दहावा आठवला. गर्दीत आता एकेकजण मागं वळून बघायला लागला. कुणाला बोलू दिलं नाही हे शोधायची सवय मावशींनीच लावली होती सगळ्यांना. नजरा फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबल्या. काका आता फार म्हातारे झालेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि या वेळी मला पुढे ढकललं.

माईक हातात घेतला. पहिलाच शब्द 'म'चा. ओठ मिटले ते मिटले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "मावशी म्हण, मावशी." गुरुजी म्हणाले, "मनातल्या मनात म्हटलं तरी चालतं." तेवढ्यात स्पीकरमधून टकटक असा आवाज आला. माझे दोन्ही हात माईकच्या दांड्यावर होते आणि जवळ दुसरं कुणी नव्हतं. तारेवरून एकच कावळा उतरला आणि पिंडाशेजारी येऊन बसला. त्यानं पिंडाला तोंड लावलं नाही. मान तिरपी करून तो माझ्याकडे बघत राहिला. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मला फक्त रडू आलं. त्याला काहीच घाई नव्हती. मी 'म'वर किती वेळ होतो मला माहीत नाही. ओठ सुटले तेव्हा मी म्हणालो, "मावशी, सावकाश जा. आम्ही उभे आहोत." वाक्य पुरं झालं, आणि मगच त्यानं चोच लावली.

परवा कामाला निघालो. लाल गाडी, नवा तरुण कंडक्टर, हातात मशीन. "कुठं? कुठं? बोला लवकर." चाळीसगाव जिभेवर तयार होतं, ते मी गिळलं आणि 'क'वर अडकलो. कंडक्टरनं वैतागून घंटीची दोरी ओढली. घंटी वाजली नाही. त्यानं पुन्हा ओढली, वर बघितलं, पुन्हा ओढली. ड्रायव्हर वाट बघत बसला होता. गाडी उभी होती. मी सावकाश 'कन्नड' म्हणालो, आणि त्यानंतर घंटी वाजली. खिडकीबाहेर तारेवर कोण बसलंय हे मी पाहिलं नाही. उरलेले सुटे पैसे खिशात टाकले आणि कन्नड येईपर्यंत डोळे पुसत राहिलो.